पायजम्याची पिशवी

नोव्हेंबर १९९७, दुसरा रविवार. रजया गच्चीवर उन्हात टाकायच्या म्हणून ट्रंक उघडली, तर तळाशी अकरा कापडी पिशव्या निघाल्या. या पिशव्यांच्या मालकाइतका त्रासदायक माणूस ब्रह्मा घाटापासून राजा घाटापर्यंत दुसरा झाला नाही. मालक म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा. एम.एस्सी. करायला ग्वाल्हेरहून आमच्याकडे आला तो पाच वर्षं राहिला, आणि त्या पाच वर्षांत त्याने आमच्या घरात एक पन्नी येऊ दिली नाही. पन्नी म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पिशवी. बनारसमधली मराठी घरंही तिला पन्नीच म्हणतात.

सकाळी सहाला तो बादली घेऊन निघायचा आणि गल्लीतल्या मराठी घरांचं निर्माल्य गोळा करायचा. लोक ते गंगेत सोडत, तेही पन्नीत गाठ मारून. हा ते गच्चीवरच्या पिंपात कुजवून खत करायचा. पिंपाला वास यायचा, वासाला माकडं यायची आणि माकडं माझे पापड न्यायची. मी तक्रार केली की म्हणायचा, "मामी, माकडांचा पण हक बनतो." घाटावर साबण लावून आंघोळ करणाऱ्या यात्रेकरूंना तो इतक्या कळकळीने समजवायचा की त्यांना तो पंडाच वाटायचा. एका आजींनी त्याचं सगळं बोलणं हात जोडून ऐकलं, त्याच्या पाया पडल्या आणि पुन्हा साबण लावायला बसल्या. दिव्यांचं तर विचारू नका. ह्यांच्या डोक्यावरचा दिवा त्याने एकदा पुस्तक हातात असतानाच बंद केला. हे चिडून म्हणाले, "अरे, मी वाचतोय." तर शांतपणे उत्तर आलं, "मामा, तुम्ही झोपला होतात. चष्मा जागा होता."

पण खरा छळ पिशव्यांचा. माझे जुने परकर, उशांचे अभ्रे, जे हाती लागेल त्याच्या पिशव्या त्याने स्वतः मशीनवर बसून शिवल्या. एक तर ह्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्याची. पाय कापून टाकलेले, खालून शिवण घातलेली, वरची नाडी तशीच. बटाटे भरायचे आणि नाडी ओढायची. ती घेऊन तो बाजाराला निघाला की गल्लीच्या तोंडाशी, पानाच्या दुकानावर त्याच्याच वयाची चार पोरं टपलेली असत. "का भौजी, तरकारी लेवे चललू?" भाजी आणायला निघालीस का, असं विचारताना वहिनी म्हणायचं, आणि वर क्रियापदही बाईचं लावायचं. हा हसायचा. पण पुढेपुढे मी खिडकीतून पाहू लागले: पानाचं दुकान यायच्या आधी तो पिशवीची घडी करून शर्टाच्या आत घालायचा आणि वळण गेल्यावर बाहेर काढत असणार.

मी एकदा विचारलं. म्हणाला, "घाटावरचे पंडे शिव्या देतात त्याचं काही नाही वाटत, मामी. आपल्या वयाचे हसतात ना, ते लागतं. झोला घेतला की मर्द कमी होतो, असं कुठे लिहिलंय?"

"मग लपवतोस कशाला?"

तो पिशवीच्या नाडीची गाठ सोडवायला लागला. मला मेथी निवडायची होती, मीही सोडून दिलं.

हा मुलगा हे सगळं का करतो याचा मी माझ्यापुरता निकाल लावला होता. नोकरी नाही म्हणून करतो. मग कळलं की इंदूरला एक मुलगी आहे. चुलतबहिणीच्या लग्नात तिने त्याच्याशी तासभर खतावर गप्पा मारल्या होत्या आणि तुमचं पिंप बघायला येईन म्हणाली होती. तेव्हापासून पिंपाला गेरू लागला. मी निकाल बदलला: मुलीसाठी करतो. दोन्ही निकाल चुकीचे होते. तो आधीपासून तसाच होता. फक्त त्याला न हसणारं एक माणूस भेटलं होतं आणि ते त्याला जन्मभरासाठी हवं होतं.

मुलीचे वडील काशीयात्रेला आले ते तिला घेऊनच, आणि आमच्याकडे उतरले. पोहे आले. वडिलांनी विचारलं, "सध्या काय करता?" ह्याचं सगळं शिक्षण हिंदीत. ताठ बसून, नवा शर्ट सारखा करत म्हणाला, "मी गंगा साफ करायची चेष्टा करतो."

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत काय, ते मराठी वाचकाला सांगायला नको. वडील पोट धरून हसले. "बरोबर बोललात, चेष्टाच ती." मी साताऱ्याची, त्याला काय म्हणायचं होतं आणि त्यांना काय ऐकू आलं, दोन्ही मला नीट कळलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी बशी पुढे करत म्हटलं, "आणि पिशव्याही शिवतो. सूनबाईला शिलाई यायची गरज नाही." पुन्हा हशा. मुलगी हसली नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं, पण तो पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत होता. पिंप बघायला गच्चीवर कोणी गेलं नाही. निघताना वडील जिन्यात ह्यांना म्हणाले, "मुलगा चांगला आहे हो. जरा बायकी वाटतो, इतकंच." त्यांच्या बॅगा घेऊन तो दोन पायऱ्या वर उभा होता.

पुढच्या आठवड्यात पिंप भंगारवाल्याकडे गेलं.

आता तो मिर्झापूरला नोकरी करतो. मोटरसायकल आहे, बायको आहे, ती दुसरी कोणी. या दिवाळीला आला तेव्हा हँडलला मिठाईच्या आणि फळांच्या चार पन्न्या लटकत होत्या. पानाच्या दुकानावरची पोरं उठून उभी राहिली. "आवऽ गुरु." गल्ली म्हणते सुधारला. हेही म्हणाले. निघताना मी विचारलं, पिशव्या ट्रंकेत आहेत, देऊ का?

"राहू द्या, मामी," तो किक मारत म्हणाला. "चेष्टा होती ती."

कुठल्या भाषेतली, ते मी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी रजया पुन्हा उन्हात टाकण्याआधी बाजार उरकला. पायजम्याची पिशवी घेतली. पानाचं दुकान आलं तेव्हा घडी केली नाही. एकाने विचारलंच, "का चाची, चाचा क पैजामा बेचे जात हऊ?" मी म्हटलं, "ना. तरकारी लेवे." दोन किलो बटाटे घेतले, वर मुळे खोवले आणि नाडी ओढली. तुटेल असं वाटलं होतं. तुटली नाही, त्याने ती दोन्ही टोकांना दुहेरी टाके घालून पक्की केली होती.