राईस मिलच्या पटांगणावरचं हॉटेल

आमच्या बालाघाटात आठ मजल्यांचं हॉटेल झालं, तेव्हा लांजीकडचे पाहुणे बसमधून उतरून आधी ते बघायला जायचे आणि मग आमच्याकडे यायचे. काचेची लिफ्ट, गच्चीवर पोहायचा तलाव, लग्नांसाठी एसी हॉल, काय विचारू नका! रिसेप्शनमागच्या भिंतीवर हॉटेलचा इतिहासही चौकटीत लावलाय. त्यात जंगल आहे, वाघ आहे, वैनगंगा आहे. राईस मिल मात्र कुठेच नाही. त्या इतिहासात हॉटेलच्या आधी इथे म्हणे मोकळी जागा होती. वाचून माझं डोकंच फिरलं.

त्या मोकळ्या जागेत माझ्या आईची उमर गेली. मिलमध्ये उकडलेलं धान पटांगणात पसरायचे आणि बाया त्यातून अनवाणी, पाय फरपटत चालायच्या. खालचं धान वर आलं की सगळं सारखं वाळायचं. टोकाला पोचलं की वळायचं, शेजारची ओळ धरायची. धानावर चप्पल घालून पाऊल टाकायचं नाही, हे कुणाला सांगावं लागत नसे. मालकसुद्धा कडेला चपला काढायचा.

आता आई मला ओळखत नाही. आधी नाव विसरली, मग नातं. तिच्या लेखी मी भात वाढणारी कुणी बाई आहे. डॉक्टर म्हणाले, जुन्या जागा दाखवा, कधीकधी आठवतं. मी तेवढ्यावरच आशा लावून बसले. तिनं एकदा, फक्त एकदा मला आपली लेक म्हणून हाक मारावी, याहून मला काही नको होतं. म्हणून तिला चांगलं लुगडं नेसवलं, ऑटोत बसवलं आणि हॉटेलात घेऊन गेले.

लॉबीत नुसता चकचकीत, पिवळसर संगमरवर. आई दारातच थांबली. चपला काढून तिनं भिंतीच्या कडेला नीट ठेवल्या. दरवान धावत आला. "माताजी, चप्पल पहन लीजिए, फर्श ठंडा है." तिनं त्याला हातानंच बाजूला सारलं आणि चालू लागली. पाय उचलत नव्हती, फरपटत होती. सोफ्यांपासून लिफ्टपर्यंत सरळ, मग वळून परत, आधीच्या वाटेला लागून. सोफ्यावरची सुटाबुटातली मंडळी मोबाइल काढून हसू लागली. त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला, आणि त्याच वेळी आनंदानं रडूही फुटलं. तिला जागा आठवली होती! म्हणजे आता मीही आठवणार.

मी पुढे होऊन तिचा हात धरला. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं.

"चप्पल काढ वो बाई. धानावर कोणी चप्पल घालते का?"

मी काढली.

"नवीन आली का कामाले?"

"मी तुही पोरगी आहो, माय."

ती हसली. कितीतरी महिन्यांनी हसली.

"माही पोरगी? ते तं लहानशी हाय. घरी एकटी हाय. माह्याबिगर जेवत नाही ते." आणि एकदम कावरीबावरी झाली. "मले सोडा म्हण मालकाले. लय उशीर झाला."

मग तिला थांबवणं कठीण झालं. चपलाही घालू देईना. ऑटोत सारखी पुढे वाकून ड्रायव्हरला घाई करत होती. घरात शिरल्या शिरल्या तिनं दोन्ही खोल्या पाहिल्या, पलंगाखाली वाकली, मागचं दार उघडून अंगणात हाका मारल्या. माझ्याच नावानं. मी मागे उभी राहून प्रत्येक हाकेला ओ देत होते. शेवटी ती वळली आणि माझा दंड घट्ट धरला.

"कुठं नेली वो तू माही पोरगी?"

त्या दिवसापासून ती माझ्या हातचं जेवत नाही.