चाकोरीत बसणारी तीनचाकी

सागाचा ओंडका पायावर आला आणि आमच्या यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याआधी हे पाठीवर पेटी घेऊन चामोर्शीच्या आसपासचे सगळे बाजार पायी करायचे. गॅसबत्त्या आणि स्टोव्ह दुरुस्त करणं हा यांचा धंदा. लाकडाच्या डेपोत गेले होते तेही ठेकेदाराची बत्ती बघायलाच.

पाय गेल्यावर बाजार सुटले नाहीत, पण जायचं ते माझ्या भासऱ्यांच्या, म्हणजे यांच्या थोरल्या भावाच्या, बैलबंडीतून. भासरे यांना काखेत धरून उचलायचे, बंडीत ठेवायचे, बाजारात पुन्हा उचलून खाली उतरवायचे. मायेनंच करायचे बिचारे. एकदा घोट गावच्या बाजारात कुणीतरी हसत विचारलं, "हे पोतं धानाचं का तांदळाचं?" त्या दिवशी हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मले आता कोनी उचलाचं नाई. तीन चाकाची मोटारगाडी बनवतो."

मी म्हटलं, "बत्तीची पिन बदलनं वेगळं, मोटार बनवनं वेगळं."

ऐकतील तर ना. चांद्याच्या भंगारातून लढाईतली एक जुनी लष्करी मोटारसायकल आली. फ्रेम मोडकी, पण इंजिन शाबूत. तिसरं चाक आणखी कुठल्या तरी मोटारसायकलचं. ठेकेदाराच्या निकामी ट्रकचं लोखंड लोहारानं तापवून वाकवून दिलं. बसायला सागाची पेटी. उन्हाळाभर माझ्या अंगणात ग्रीसचा वास. तुळशीला पाणी घालायला जावं तर पायाखाली नट. मी तोंडसुख घ्यायची एकही संधी सोडली नाही.

आधी केलं ते असं: पुढं मधोमध एक चाक, मागं दोन. आमच्याकडचे रस्ते म्हणजे बंड्यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या, म्हणून मागच्या दोन चाकांमधलं अंतर यांनी भासऱ्यांच्या बंडीला दोरी लावून घेतलं. लोहार, भासरे, मी, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग गावाबाहेर गाडी चालवून पाहिली. मागची चाकं चाकोरीत चपखल बसली आणि पुढचं चाक दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर चढलं. बंडीला तिथं चाकच नसतं, त्यामुळं जन्मभर बंडीत बसलेल्या आम्हा कुणाच्याच डोक्यात तो उंचवटा आला नव्हता. चाक घसरलं, गाडी कलंडली आणि हे पळसाच्या झुडपात. मी धावले, पण हे शिव्या देताहेत हे ऐकून इतकं हसू फुटलं की आवरेना. भासरे उचलायला धावले तर यांनी कुबडी उगारली. स्वतःच सरपटत बाहेर आले.

पुन्हा सगळं खोललं. पुढचं चाक उजव्या चाकोरीच्या ओळीत घेतलं, मागचं उजवं त्याच्याच मागं, आणि डावं एकटं दुसऱ्या चाकोरीत. ब्रेक आणि गिअर हाताशी आणले. गाडी दिसायला तिरपागडी झाली, पण सुतासारखी सरळ चालू लागली.

तरी नंबर मिळेपर्यंत ती बाजाराला न्यायला हे तयार नव्हते. "चोरून चालवाचं तं बंडीच काय वाईट?" म्हणायचे. म्हणून गाडी बंडीवर चढवून चांद्याला नेली. शेजारी हे. भासऱ्यांनी उचलून बसवलेले, मान खाली.

पासिंगच्या साहेबांनी गाडीभोवती फेरी मारली. पुढचं चाक मध्ये का नाही, विचारलं. यांनी उंचवट्याची गोष्ट सांगितली तेव्हा ते हसले, पण लगेच यांच्या पायाकडं पाहून म्हणाले, "थांबवाल कशी?" आणि खडूनं जमिनीवर रेघ ओढली. हे लांबून वेगात आले. मी पदराचं टोक दातात धरलं होतं. गाडी रेघेच्या अलीकडं थांबली. साहेबांनी दिवा पाहिला, भोंगा वाजवला आणि गाडी पास केली. लायसन मिळालं ते फक्त तीच गाडी चालवायचं.

भासरे बंडी घेऊन मागून येणार होते. आम्ही दोघं तीनचाकीनं निघालो. वैनगंगेवर दोन डोंगे जोडून वर फळ्या टाकलेला तराफा होता, काठापासून जरा आत, गुडघाभर पाण्यात. नावाडी यांना म्हणाले, "भाऊ, आदी तुमाले उचलून ठेवतो, मंग गाडी."

हे जागचे हलले नाहीत. "गाडीच उचला. मी बसून राह्यतो."

"वजन होते ना, भाऊ."

"होऊ द्या."

चौघं नावाडी माझ्याकडं बघायला लागले. एरवी मी यांना चार शब्द सुनावलेच असते. त्या दिवशी मी पदर खोचला आणि म्हणाले, "उचला. मी बी हात लावतो."

आम्ही पाच जणांनी गाडी उचलली. नावाडी धापा टाकत होते. हे हँडल घट्ट धरून, मान ताठ करून समोर बघत होते. तराफ्याकडं वळताना तर यांनी भोंगासुद्धा वाजवला. माझ्या खांद्यात कळ येत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आनंदाचंच.

पैलतीरावर हे म्हणाले, "पाह्यलं? कोनी हात लावला का मले?"

"नाई," मी म्हटलं, आणि मागं चढून बसले.