जंबोतली आई

मी जर्मनीला निघाले तेव्हा आमच्या बेलापूर गावाहून मुंबईच्या विमानतळापर्यंत सोडायला फक्त दादा आला. आई म्हणाली, पाटाच्या पाण्याची पाळी आहे, कांदा वाळून जाईल. आणि मी उठायच्या आत रानात निघून गेली. मला असला राग आला, की पोचल्यावर चार दिवस फोन केला नाही. पुढं एकोणीस वर्षं त्या सकाळबद्दल आम्ही दोघींनी चकार शब्द काढला नाही.

यंदा आई पहिल्यांदाच इकडं आली. सुट्टीत विमानांची म्युझियमं बघायची टूम माझ्या नवऱ्याची. लढाऊ विमानांचं एक, जुन्या लाकडी विमानांचं एक, अशी त्यानं यादीच केली. पण सुट्टी तोकडी, एकच जमणार होतं. निवड आईवर सोपवून मी मोबाईलवर फोटो दाखवत बसले. तिनं सगळे नीट बघितले आणि विचारलं, "तू गेलीस ते इमान यात कुठंय?"

ते जंबो जेट होतं. आता बहुतेक कंपन्यांनी मोडीत काढलंय. शोधलं तर ऱ्हाइनकाठच्या एका म्युझियममध्ये एक सापडलं, आत शिरू देतात असं. नवरा बिचारा लढाऊ विमानं विसरला.

अबब, काय ते धूड! मी त्यातून उडाले होते, पण खालून असं कधी बघितलंच नव्हतं. उंच लोखंडी खांबांवर चढवलेलं, मान मोडेस्तोवर बघितलं तरी संपेना. एवढं लोखंड वर जातं आणि आत माझी पोर होती, असं आई स्वतःशीच पुटपुटत होती. दारात तिनं चपला काढल्या. मागच्या एका जर्मन आजोबांनी निमूटपणे बूट काढले.

आत गेल्यावर तू कुठं बसली होतीस म्हणाली. खुर्च्या काढून टाकलेल्या, म्हणून मी अंदाजानं एक खिडकी दाखवली. तिथं तिनं खाली फतकल मारली, मला शेजारी ओढलं.

"तुला जाताना बघायचं माझ्यानं हुईना," ती म्हणाली. "म्हनून पळाले बग."

मी लहान पोरीसारखी रडले. आपल्याकडं घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. त्या सकाळी ते जिला म्हणायचं ती आईच घरात नव्हती. माझ्यासारखे बाहेर पडलेले तुम्ही सगळे, तुम्हाला कळेल. घर म्हणजे मला आता तेवढंच वाटतं, 'येते' म्हटल्यावर ऐकणारं माणूस.

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "आई, येते."

"ये," आई म्हणाली.