महाल कित्ता?

आमच्या विमलनं या जगात माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य होतं, ‘‘अंगठा काढा.’’

‘सांभाळून राहा’ नाही, ‘गोळ्या वेळेवर घ्या’ नाही. अंगठा काढा! मी खिडकीशी उजेडात फऱ्याचं ताट धरून उभा होतो. (फरा म्हणजे तांदळाच्या पिठीचे वाफवलेले लांबोळके. इकडच्या छत्तीसगढी लोकांचा पदार्थ. विमल शेजारणीकडून शिकली आणि शेजारणीलाच शिकवायला लागली.) ती कॅमेरा डोळ्याला लावून, एक पाय पुढे एक मागे, लढाईला निघाल्यासारखी. आणि माझा डावा अंगठा नेहमीच्या जागी, म्हणजे ताटाच्या काठावर. रायपूरबाहेर उरला नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत रोलिंग मिलमध्ये होतो तेव्हा तो एकदा सळईखाली आला. अर्धं नख गेलं. राहिलं ते काळं.

‘‘काढला,’’ मी म्हणालो. काढला नव्हता. ताट जड होतं.

तिनं फोटो घेतला, कॉम्प्युटरवरच्या तिच्या ब्लॉगवर चढवला, जेवली, दुपारी जरा पडते म्हणाली आणि उठलीच नाही.

आता तोंड पाडून बसू नका. मी हसवायला बसलो आहे. रडायचं काम नातेवाइकांनी व्यवस्थित केलं, माझ्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नाही.

तर ब्लॉगची गोष्ट. रायपूर राजधानी झालं तसे बाहेरचे रस्ते रुंद व्हायला लागले आणि आमचं बूढ़ापाऱ्यातलं घर अरुंद. कारण पोरानं कॉम्प्युटर आणला आणि तो ठेवला माझ्या खाटेच्या जागी! खाट गेली ओसरीत, खाटेवरचा मीही गेलो. पोरगा दिवसभर हापिसात. कॉम्प्युटरवर बसायच्या दोघी. एक आमची सून सोनल, ती हिंदीवाली. दुसरी विमल. ती मॅट्रिक. मी चौथी. लग्नापासून मला ते खुपत होतंच, त्यात आता इंटरनेट!

सोनलनं तिला ब्लॉग काढून दिला. ताटाचा फोटो, खाली सोप्या इंग्रजीत कृती. मी म्हटलं, ‘‘पाहते कोण हे?’’

‘‘तेच तर! दिसाले पाहिजे नं लोकाइले. नेटवर दिसनं महत्त्वाचं आहे आता.’’

‘‘अवं, घरात तर तू मले दिसूनच नाही राहिली!’’

‘‘तुमी नेटवर या, मंग दिसीन.’’

दिसण्याची युक्तीही तिनं शोधून काढली. कुठल्याशा फिलिपिन्स नावाच्या देशात स्वयंपाकाचे ब्लॉग लिहिणाऱ्या लोकांची टोळी होती. रोज सकाळी उठायचं आणि एकमेकांच्या ब्लॉगवर जाऊन दोन शब्द टाकून यायचं. तू माझ्याकडं आलास की मी तुझ्याकडं. तू माझं नाव तुझ्या पानावर लाव, मी तुझं माझ्या. फऱ्याचा फोटो पाहून ते हिच्याकडं आले, कारण तांदळाचं वाफवलेलं त्यांच्याकडंही करतात म्हणे. मग ही त्यांच्याकडं गेली.

‘‘हे हळदीकुंकूच आहे जी,’’ विमल मला समजावत होती. ‘‘त्याइनं बोलावलं तं आपुन जायचं, आपुन बोलावलं तं ते येतात.’’

‘‘हळदीकुंकवाले माणसं येतात काहून मंग?’’

कारण त्या टोळीत एक माणूस होता. नाव जून! माणूस आहे का महिना? हा जून बारा महिने यायचा. हिचा फोटो चढला की पहिला शेरा त्याचा. आम्ही इकडं चहाला बसायच्या आधी तो तिकडं हजर! मला इंग्रजी समजत नाही, पण मिलमधल्या यंत्रांवरून अक्षरं ओळखायला शिकलो होतो. दोघी स्वयंपाकघरात गेल्या की मी बोट ठेवून जुळवायचो. एक दिवस जुळलं: ‘सलामत पो, आते.’

सलामत? माझी बायको सलामत आहे की नाही, हे विचारणारा हा कोण? मी का मेलो?

‘‘अन् आते काहून म्हणते तो तुले? तुह्या कोन्या भावाचा पोट्टा आहे हा?’’

‘‘मले भाऊच नाही.’’

‘‘तेच म्हणतो मी!’’

ती हसली आणि कणीक मळत राहिली. हसली, म्हणजे काहीतरी आहेच. त्या दिवसापासून माझं अन्न अंगी लागेना. तिनं केलेलं थालीपीठ मी आधी जूनच्या नजरेनं पाहायचो आणि मग गार झालेलं खायचो. कारण फोटो होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही! आमच्या घरात गरम जेवण आता फक्त फिलिपिन्सला मिळत होतं.

त्यातच त्या टोळीला माझा अंगठा दिसला. जूननंच विचारलं, हा काळ्या नखाचा अंगठा कोणाचा? विमलनं लिहिलं, नवऱ्याचा. झालं! रोज अंगठ्याची चौकशी. अंगठा बरा आहे का? आज अंगठा जरा आत सरकलेला दिसतो, नाराज आहे का? नवरा कसा आहे, हे कोणी विचारेना! इतके दिवस मी जूनवर जळत होतो, आता स्वतःच्या अंगठ्यावर जळू लागलो.

सोनल एकदा म्हणाली, ‘‘मम्मी जी, अंगूठा काट दूँ क्या फोटो से? दो मिनट का काम है।’’

‘‘राहू दे,’’ विमल म्हणाली. ‘‘ताट हवेत लटकल्यावानी दिसीन.’’

मग आली दिवाळी आणि काजूकतली. जूनचा शेरा त्याच्या भाषेत होता. सगळा जुळला नाही, पण मधला एक शब्द चटकन जुळला. एम, ए, एच, ए, एल. महल!

म्हणजे या माणसाला महाल आहे! आणि तो ते माझ्या बायकोला काजूकतलीच्या निमित्तानं कळवतो आहे! इकडं आमच्या तीन खोल्या, त्यातल्या एकीत पाणी गळायचं, दुसरीत कॉम्प्युटर आणि ओसरीत मी.

दुसऱ्या दिवशी दोघी समता कॉलनीत डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. मी कडी लावली आणि कॉम्प्युटरसमोर बसलो. ठरवलं, सरळ विचारायचं. माणसासारखं. बाबा रे, एवढा महाल महाल करतोस, तर सांग ना, तुझा महाल आहे तरी कित्ता? (कित्ता म्हणजे इकडच्या बोलीत केवढा.) माझी अक्षरं घामासारखी एकेक निथळत होती. इंग्रजी अक्षरांत ‘महाल कित्ता’. त्यातले दोन टी दाबायचे होते, पण बटण कडक, एकच उमटला. म्हटलं, समजून घेईल. माणूस महालात राहतो, एका टीनं काय बिघडतं? आणि दाबलं बटण. (कॉम्प्युटर विमलच्या नावानं उघडा होता, हे कोणाला ठाऊक!)

दोघी परत आल्या. विमल डोळ्यांत औषध घालून, चाचपडत. सोनलनं ब्लॉग उघडला आणि खुर्चीवरून खाली बसली.

‘‘मम्मी जी! ये आपने क्या लिख दिया?’’

‘‘म्या? मले तर दिसूनच नाही राहिलं काही!’’

पान भरून शेरे! रोजचे लोक होते, कधी न आलेले होते, ज्यांच्या दारात विमल महिनोन् महिने हळदीकुंकू घेऊन उभी होती आणि ज्यांनी कडी काढली नव्हती, तेही धावत आले होते. सोनल वाचत होती, हसत होती, डोळे पुसत होती, आणि मी ओसरीतल्या खाटेकडं हळूहळू सरकत होतो.

‘‘बाबूजी, रुकिए। आपने लिखा?’’

‘‘एक साधा सवाल विचारला मी त्याले.’’

‘‘उनकी भाषा में ‘महल किता’ का मतलब है, आय लव्ह यू!’’

भिंतीवरची पालसुद्धा थांबली.

मग एकेक उलगडत गेलं. सलामत म्हणजे धन्यवाद. पो म्हणजे आपलं ‘जी’. आते म्हणजे मोठी बहीण. आणि महल म्हणजे महाग! बिचाऱ्यानं एवढंच लिहिलं होतं की आमच्याकडं काजू फार महाग आहेत. (तिकडं महाग आणि लाडकं याला एकच शब्द. शहाणे लोक.) जूननं हात जोडून कळवलं होतं की आते, माझं लग्न झालेलं आहे जी. त्याच्या खाली त्याच्या बायकोचा शेरा होता, तिचाही ब्लॉग होता: ‘घेऊन जा ताई, पण आधीच सांगते, घोरतो.’

सोनलनं खुलासा टाकला, लिहिणारा अंगठा होता. त्यावर तर अख्खं फिलिपिन्स लोळलं. विमलचा ब्लॉग त्या आठवड्यात जितक्यांना दिसला, तितक्यांना आधी सगळे दिवस मिळून दिसला नसेल. मला वाटलं, खूश होईल. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट माझ्या हातात दिलं आणि कॅमेऱ्याआडून म्हणाली,

‘‘इतके वर्स संसार केला तुमच्यासंग. मले एकदा तरी म्हटलं का तसं? अन् त्या जूनले डायरेक्ट!’’

‘‘अवं, मी त्याले महाल विचारला!’’

‘‘मले तर तेही नाही विचारलं. अंगठा काढा.’’

मी मनाशी म्हटलं, म्हणू कधीतरी. घाई काय आहे? माणूस घरातलाच आहे. पुढं कितीतरी ताटं झाली. प्रत्येक ताटाला वाटायचं की उद्याच्या ताटाला म्हणू.

मग ते फऱ्याचं ताट झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं, चूल थंड. शेजारीण पिठलं-भात घेऊन आली. तिनं ताट हातात दिलं आणि मी उठून सरळ खिडकीशी उजेडात जाऊन उभा राहिलो. किती वेळ उभा होतो, माहीत नाही. सगळे माझ्याकडं पाहत होते. पिठल्यावर साय धरली तेव्हा लक्षात आलं, समोर कोणी नाही.

ताट ठेवलं आणि कॉम्प्युटरसमोर बसलो. सोनल सुजलेल्या डोळ्यांनी मागं येऊन उभी राहिली. कालचा फोटो होता. फरे, आणि काठावर माझा अंगठा, काळा, ठसठशीत, घरमालकासारखा. खाली पहिला शेरा जूनचाच, सोनलनं वाचून दाखवला. त्याला काय ठाऊक! सलामत पो आते, आज अंगठा छान दिसतो आहे.

मी त्याच्या खाली लिहायला घेतलं. या वेळी शुद्धीत, मुद्दाम, अर्थ समजून. तेच दोन शब्द. टीचं बटण कडक, म्हणून ते चांगलं जोरानं दाबलं. लिहून झालं, बटण दाबलं, आणि मग वाचलं.

आयुष्यात एकदा खरं लिहायला बसलो, तर टी दोनदा उमटला होता! महाल कित्ता!

सोनलनं नाक पुसलं. ‘‘बाबूजी, ठीक कर दूँ? एक ही अक्षर तो है।’’

मी फोटोकडं पाहिलं. ती जिथं गेली, तिथं महाल असणारच. स्वयंपाकघरही असेल. फोटोला उजेड पाहिला असेल तिनं आतापर्यंत, आणि ताट धरायला कोणीतरी धरूनही आणला असेल.

‘‘राहू दे,’’ मी म्हटलं. ‘‘बरोबरच विचारलं मी. अन् खाली अजून एक ओळ टाक. तिथं ताट कोन धरून राहिला? त्याले म्हणा, अंगठा काढ!’’