अनोळखी माणसाची सही

माझ्या धाकट्या जावेच्या वडिलांइतका संशयी माणूस सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत शोधून सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका भरवशाचाही. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. हवाई दलात त्यांनी आयुष्यभर विमानांची इंजिनं उघडली आणि बंद केली. निवृत्त होऊन लोणंदला आले ते तेच हात घेऊन. पाण्याचा पंप असो की पिठाची गिरणी, तात्या आधी पांढरं फडकं अंथरणार, त्यावर हत्यारं ओळीनं मांडून मोजणार आणि काम झालं की पुन्हा मोजणार. "पाणी सुटलं की तात्या, आता काय ऱ्हायलं?" असं शेतकऱ्यानं म्हटलं तरी, "गप रं गड्या, नऊ व्हती, आठ हायत," म्हणून चालू पंप बंद. दाढ काढायला गेले, तर खुर्चीतून उठण्याआधी त्यांनी डॉक्टरीणबाईंना त्यांची अवजारं मोजायला लावली. लेकीच्या लग्नात आमटीचा एक डाव कमी भरला, तर दुसरी पंगत ताटांसमोर नुसती बसून राहिली. डाव शेवटी पातेल्याच्या तळाशी निघाला. आमच्या सांगलीकडच्या मंडळींनी नाकं मुरडली. मी मात्र त्या दिवसापासून तात्यांच्या पक्षात आहे, कारण आमच्याकडच्या सामानाची यादी माझ्या हातात होती आणि तिच्यातल्या निम्म्या वस्तू जागेवर नव्हत्या.

एवढं करून तात्या स्वतः प्रवासी विमानात कधी बसले नव्हते. जाऊ आणि दीर दिल्लीला असतात. तात्या दरवर्षी रेल्वेनं जायचे. भीती म्हणाल तर नव्हती. "इंजिन कुणी मिटलं ते ठावं न्हाई. अनोळखी माणसाच्या सहीवर कसं बसायचं?" एवढाच त्यांचा मुद्दा. नोकरीत असताना एकदा काम संपल्यावर एक पाना कमी भरला, तोवर विमान हललं होतं. तात्या धावत जाऊन हात वर करून विमानापुढं उभे राहिले. सगळं इंजिन पुन्हा उघडलं आणि पाना निघाला तात्यांच्याच मागच्या खिशात. शिक्षा झाली, बराकीत हसं झालं ते वेगळंच. "हसू द्यात की," ते म्हणायचे, "आत असता तर?"

गेल्या वर्षी जावेच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं. तात्यांचं रेल्वेचं तिकीट मीच काढलं होतं. पण तिची तब्येत ढासळली आणि डॉक्टरांनी तारीख अलीकडे आणली, थेट दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. तिचा फोन आला तेव्हा मी लोणंदला तात्यांकडेच होते. "तात्या, मला आत नेतील तवा तुमी समोर पायजे. लय भ्या वाटतंय." फोन ठेवून तात्या मला म्हणाले, "ताई, इमानाचं बघा."

पुण्याहून त्याच दुपारी आम्हा दोघांचं विमान उडालं. काही मिनिटांतच उजव्या बाजूला मोठा धडाका झाला, सगळं विमान हादरायला लागलं आणि जळकट वास सुटला. मागे कुणीतरी रामरक्षा म्हणू लागलं. एक इंजिन बंद केलं आहे, आपण परत फिरतो आहोत, असं वैमानिकानं सांगितलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता, त्यावर तात्यांनी आपला हात ठेवला. "आवं ताई, एकावर बी उतरतंय. म्हणून तर दोन लावत्यात." आणि खरोखरच उतरलं.

दुसरं विमान आणलं गेलं, पण त्याच्याही इंजिनाचं झाकण उघडून दोन तंत्रज्ञ शिडीवर उभे. काचेतून सगळं दिसत होतं. एक तास गेला, दुसरा गेला. लोकांनी काउंटरवरच्या मुलीला घेराव घातला. "मघाशी मारायला निघाला होतात, आता कोंडून मारता का?" "एवढं काय बघताय? सोडा की!" आवाज चढवणाऱ्यांत मीही होते, हे कबूल करते. तेवढ्यात तात्या उठून मध्ये उभे राहिले.

"माजी लेक उद्या सकाळी ऑपरेशनला जायाचीय. मी पोचलो न्हाई तर ती एकलीच आत जाईल. मला तुमच्या सगळ्यांपरीस घाई हाय. तरी बी त्या मान्सांस्नी मोजू द्या. कामाला हात घातलेल्या मान्साला मागनं ढकलू नगा."

"म्हातारा लय शाना," कुणीतरी पुटपुटलं. पण लोक बसले. मीही बसले.

संध्याकाळी कळलं, विमान उद्या सकाळी. जावेला घोर नको म्हणून आम्ही ते फक्त दिरांनाच कळवलं. तात्यांकडे बघायचा धीर मला झाला नाही.

सकाळी पावणेआठला आम्ही विमानाच्या रांगेत उभे असताना जावेचा फोन आला. मी तो तात्यांच्या कानाला लावला. "तात्या, कुठं हाय तुमी? मला न्यायला आल्यात."

न मोजलेल्या गोष्टीचा जन्मभर शब्द न दिलेला तो माणूस म्हणाला, "दारातच हाय बाळ. आत सोडंनात मला. तू जा, मी हितंच हाय."

आम्ही पोहोचलो तेव्हा ऑपरेशन संपत आलं होतं. ते नीट झालं. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले तेव्हा तात्या समोर बसलेले होते. आता ती हिंडते-फिरते, कामाला जाते. आपली थाप पचली, अशी तात्यांची आजही समजूत आहे.

मागच्या महिन्यात जाऊ माझ्याजवळ बोलली. "ताई, फोनमध्ये मागनं विमानाची घोषणा चालली होती, मला सगळं ऐकू येत होतं. पण म्हटलं, तात्या दारात हाय म्हणतात, म्हणजे हाय. मग मी निवांत डोळे मिटले."