गाडीसाठी फक्कीची रेघ

स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलून भाऊ छातीपाशी धरायचे आणि म्हणायचे, "पाह्य मास्तर, सोडले!" गाडी आपली आपण सरळ जात राहायची. दहा-बारा सेकंदांनी ती टूं टूं करायला लागली की ते नाइलाजाने हात परत ठेवायचे. "आता एवढंच जमते इले. अपडेट आलं का घरी बसाचं अन् चिमूरले उतराचं. मधात काई करा लागत नाई."

मी शेजारच्या सीटवर बसून हसायचो आणि आतून जळायचो. खोटं कशाला सांगू?

जळायची मला जुनीच सवय. अहेरीच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवतो, ते पीटीचे सर होते. भूमिती माझी, पण सरळ रेघ त्यांची. खेळांचे दिवस जवळ आले की ते डब्यात पांढरी फक्की घ्यायचे आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारत जायचे. दोरी नाही, खुंटी नाही, मागे वळून बघणंही नाही. मी फळ्यावर पट्टी लावून काढलेली रेघसुद्धा मध्येच पोट काढते. पोरं त्यांच्यामागे धावायची आणि माझ्या तासाला जांभया द्यायची. एकदा मी हौसेने कबड्डीची मधली रेघ मारली. त्यांनी डोकं कलतं करून ती पाहिली. "मास्तर, हे रेघ हाय का नाल्याचा नकाशा?" सगळं मैदान हसलं. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात! पण मी घेऊन बसलो होतो, चांगली पंधरा-वीस वर्षं.

तरी आमचं जमायचं. चिमूरला त्यांची मोठी बहीण राहते. आई लहानपणीच गेली, हिनेच त्यांना वाढवलं. आता ती अंथरुणाला खिळलेली. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी माझ्या जुन्या गाडीतून आम्ही दोघं तिच्याकडे जायचो. मी चालवायचो, ते शेजारी बसून माझ्या चुका काढायचे. तिथे गेलं की तिच्या उशाशी बसून तिला हाताने वरण-भात भरवायचे. ती माझ्याकडे बघून म्हणायची, "तू आनतं, म्हनून भाऊ दिसते मले." हे वाक्य ऐकायला मी दर महिन्याला तेवढा रस्ता तुडवत होतो, असं म्हटलं तरी चालेल.

मग ते निवृत्त झाले आणि त्यांनी ही गाडी घेतली. चंद्रपूरच्या शोरूममधल्या माणसाने त्यांना सांगितलं होतं की कॅमेरे, सेन्सर सगळं लागलेलं आहे, फक्त सॉफ्टवेअर यायचं बाकी आहे. दिवाळीपर्यंत गाडी स्वतः चालेल.

"आता तुले तरास नाई, मास्तर," ते मला म्हणाले.

मला त्रास होतो, हे कोणी सांगितलं होतं त्यांना? त्या शनिवारी ते एकटेच गेले. घरात सवत यावी तसं मला झालं. बायको विचारत होती, "काऊन जेवून नाई राह्यले?"

पुढे गाडीची गंमत दाखवायला ते कधीमधी मला शेजारी बसवून न्यायला लागले. दिवाळी गेली. दुसरीही गेली. विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "येते मास्तर, पुढच्यात येते." अपडेट यायचीही, पण त्यात गाण्यांचा आवाज सुधारायचा, नाहीतर पडद्याचा रंग बदलायचा. मला बरं वाटायचं.

दोष ते रस्त्याला द्यायचे. ही गाडी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या बघून चालते, आणि आमच्याकडच्या पट्ट्या खनिजाच्या ट्रकांच्या लाल धुळीखाली कधीच गेल्या. एका सकाळी त्यांनी फक्कीचा डबा काढला. "गाडीले रेघ पायजे ना? मी देतो रेघ!"

फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंत, गल्लीच्या मधोमध त्यांनी रेघ मारली. नेहमीसारखीच, एका सुतात. मग कधी नव्हे ते मागे वळले आणि डोकं कलतं करून बघत राहिले.

"वाकडी झाली."

मी काही बोलायच्या आत त्यांनी ती पायाने पुसली आणि पुन्हा मारली, थांबत थांबत, बघत बघत. ही मात्र खरंच वाकडी झाली होती. मध्ये पोट काढलेलं, अगदी माझ्या रेघेसारखं.

"आता जमली," ते म्हणाले.

मी काय केलं, सांगू? मी खूश झालो. घरी येऊन बायकोला तो किस्सा दोनदा सांगितला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. "कंपनीचं आलं हाय काईतरी. चष्मा नाई माह्यापाशी, वाच." चष्मा त्यांच्या नाकावरच होता. मी वाचलं, सावकाश, वर्गात वाचतो तसं. स्वतः चालण्याची सोय फक्त नव्या मॉडेलला मिळेल. आपल्या गाडीचे कॅमेरे त्या कामाला पुरेसे नाहीत. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. माझ्या आवाजातली गोडी मलाच ऐकू येत होती.

"म्हंजे येतच नाई?"

"नाई येत, भाऊ."

ते ओट्यावर बसले. तिथेच पडलेला फक्कीचा रिकामा डबा त्यांनी दोनदा उघडला, दोनदा लावला.

"नागपूरच्या डॉक्टरनं चौकड्याचा कागद दाखवला होता. साऱ्या रेघा लाटावानी दिसत होत्या मले. पडदा खराब झाला म्हने, दोन्ही डोळ्याचा. आनखी बिघडन म्हने. म्हनून तं घेतली होती हे गाडी."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तू नेलं असतं ना, मास्तर. पन माह्या बहिनीले भेटाले बी मी कोनाले मागू?"

गाडीवर भरवसा ठेवला, माझ्यावर नाही. त्या क्षणीही मला त्या गाडीचाच राग आला. मग ते उचललेले हात आठवले. समोरचा रस्ता त्या गाडीत धड फक्त मलाच दिसत होता.

गाडी विकली. महिन्याभराने ते बहिणीकडे कायमचे राहायला निघाले. न्यायला मीच होतो. सकाळी लवकर उठून मी नवी फक्की आणली आणि त्यांच्या फाटकापासून माझ्या जुन्या गाडीच्या दारापर्यंत रेघ मारली. जीव लावून मारली, तरी दोन ठिकाणी वाकलीच.

ते पिशवी घेऊन बाहेर आले. डोकं कलतं करून बराच वेळ बघत राहिले.

"वा, मास्तर," ते म्हणाले, "आज सरळ मारली."

आणि रेघ जिथे वळली होती तिथे वळत, तिच्यावरून पाऊल ढळू न देता, ते माझ्याकडे चालत आले. मी दार उघडून धरलं होतं.