ह्यांच्या दाढीचा नकाशा

चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या दाढीच्या फळीला मी कधी हात लावला नव्हता. मोरीतल्या आरशाखाली ती फळी, तिच्यावर ब्रश, साबणाची वाटी, वापरून टाकायचा एखादा रेझर आणि तुरटीचा खडा. बाकी सगळं घर पुसायचं काम माझं, ती फळी तेवढी हे स्वतः पुसायचे. मला त्याचं कौतुकही वाटायचं आणि रागही यायचा, कारण दुसऱ्या कुठल्याच फळीवर ह्यांचं फडकं फिरलेलं मी पाहिलं नाही.

हे टॉवेलच्या कारखान्यात चेकर होते. तयार माल गठ्ठ्यात बांधण्याआधी ह्यांच्या हाताखालून जायचा. डोळ्यांनी दोष काढणारे पुष्कळ होते, हे पालथा हात फिरवून काढायचे. कुठे धागा ढिला आहे, कुठे लव बसली आहे, ते बोटांच्या मागच्या बाजूला कळायचं. आणि शेवटी टॉवेल गालाला लावायचे. गाल म्हणाला मऊ, तर मऊ. आता गालावर खुंट असले तर टॉवेलाचे धागे ओढले जाणार, म्हणून रोज सकाळी घोटून दाढी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं असतानाही हे मोरी अडवून उभे होते. निवृत्त झाल्यावर टॉवेल सुटले, दाढी सुटली नाही. मी स्वतः घरी बसून टॉवेलांच्या कडा शिवल्या, त्यामुळे ही चिकाटी काय असते ते मला कळतं. तोंडावर कधी बोलले नाही, एवढंच.

गेल्या वर्षी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि तोंड जरासं एका बाजूला ओढलं गेलं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पहिल्या काही महिन्यांत रोज व्यायाम झाला तर हात परत येईल, ते महिने वाया गेले तर मग अवघड आहे. व्यायामाचं केंद्र आमच्या भवानी पेठेतल्या घरापासून रिक्षानं पाच मिनिटांवर. पण हे दारापर्यंत यायचे आणि भिंतीला हात लावून माघारी फिरायचे.

"या तोंडानं मी कुटं येत न्हाय," म्हणायचे.

तोंड म्हणजे वाकडं तोंड असं मला वाटलं होतं. दोन-तीन दिवसांनी कळलं, ह्यांना दाढी म्हणायचं होतं. गल्लीतल्या सलूनवाल्याला घरी बोलावलं. बिचाऱ्यानं फार हळुवार हातानं सुरुवात केली, पण मधेच ह्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळली आणि ती त्यानं पुसली. परक्या माणसानं आपली लाळ पुसली हे ह्यांना सहन झालं नाही. अर्धी दाढी तशीच ठेवून उठले. पुन्हा त्याला बोलवायचं नाही असं बजावलं. म्हणजे उरले मी.

पुण्याहून मुलानं पाच पात्यांचा एक झकपक रेझर पाठवला. व्हिडिओ कॉलवर म्हणाला, आई, याच्यानं कापायची भीतीच नाही. मी पदर खोचला. दाढी कुठल्या अंगानं करायची हे आम्हा दोघांनाही कुणाला विचारावं लागलं नाही, कारण मखमली टॉवेल कारखान्यात कसा कातरतात ते आम्हाला पाठ. लवेच्या उलट्या अंगानं धरायचा, म्हणजे लव उभी राहते आणि एकसारखी कापली जाते. ह्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या हुकूमही सोडला, "उलट्या अंगानं घाल. दाबून." मी उलट्या अंगानं घातला, आणि चांगला दाबून. चाळीस वर्षांत एवढ्या मनापासून मी ह्यांचं क्वचितच ऐकलं असेल.

गाल गुळगुळीत झाला खरा. पण ह्यांना रक्त पातळ व्हायची गोळी चालू. गळ्यावर बारीक बारीक ठिपके उमटले आणि ते वाहायचे थांबेनात. दुसऱ्या दिवशी गळा लालेलाल, चौथ्या दिवशी पुटकुळ्या, सदऱ्याची कॉलर लागली तरी हे कळवळायचे. आणखी आठ दिवस व्यायाम नाही, बाहेर जाणं नाही, बोलणंही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. डॉक्टरांचे महिने चालले होते आणि मी ह्यांच्या गळ्याला कोरफड लावत बसले होते. मला स्वतःचा इतका राग आला की तो पाच पात्यांचा रेझर मी कचऱ्यात टाकला, आणि मुलाला फोन करून उगाच दोन शब्द सुनावले.

मग एका दुपारी नवी पेठेत गेले. तिथे सलूनचं सामान विकणारं एक जुनं दुकान आहे. मालक सत्तरीचे, कपाळावर विभूतीचे पट्टे, गिऱ्हाइकाशी मराठी आणि फोनवर कन्नड. मी म्हटलं, अण्णा, दाढीचा चांगला रेझर दाखवा. त्यांनी काहीच दाखवलं नाही. उलट मलाच विचारायला लागले.

"कुणाची दाढी हाय, अक्का?"

"आमच्या ह्यांची."

"केस राठ का मऊ?"

"राठ. आणि कातडं वयाचं, सैल. त्यात रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे."

"आनि दाढी कोन करनार?"

"मी."

तेव्हा कुठे त्यांनी चष्मा चढवला. आधी कशी केली होती ते विचारलं. मी मखमली टॉवेलाचं शास्त्र त्यांना जरा तोऱ्यातच समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. पर टॉवेलाला खाली कातडं नसतंय की."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. मीही हसले, दुसरं काय करणार.

त्यांनी तीन रेझर काउंटरवर मांडले. तिन्ही एकाच पात्याचे, वरचं डोकं उघडून ब्लेड घालायचं. पहिल्याच्या कडेला कंगव्यासारखे दाते होते. तो त्यांनी स्वतःच बाजूला सारला, म्हणाले राठ दाढीला लई भारी, पण सराईत हाताच्या माणसाच्या कामाचा. दुसऱ्याला पातं कमीजास्त करायची चावी होती. "ही चावी बघून तुमी रोज ती फिरवनार," असं म्हणून तोही गेला. माझा स्वभाव त्यांनी दहा मिनिटांत ओळखला होता. उरला तिसरा, साधा, स्टीलचा, कडेला सरळ गुळगुळीत पट्टी असलेला. त्याचं पातं पट्टीच्या पुढे केसाएवढंच डोकावत होतं. दांडी आखूड आणि खरबरीत, साबणाच्या हातातूनही न निसटणारी. काचेच्या कपाटात सोनेरी मुलाम्याचा एक होता, त्याच्याकडे मी बघत होते, तो त्यांनी काढलाच नाही.

"वजन बघा," म्हणून त्यांनी रेझर माझ्या तळहातावर ठेवला. चांगला जड होता. "दाबायचं काम ह्याचं. तुमी दाबायचं न्हाय. पाच पात्यांचं एकापाठोपाठ एक केस ओढतंय, कातडं पाच वेळा घासतंय. हे एकदाच जातंय."

मग स्वतःची बाही वर करून त्यांनी मनगटावर दाखवलं. डोकं कातडीवर सपाट टेकवायचं, दांडी हळूहळू खाली आणायची, पातं लागतंय असं वाटलं की तिथेच थांबायचं आणि तोच कोन धरून बोटभर ओढायचं. बोटभरच. मग धुवायचं आणि पुन्हा. मी करून दाखवेपर्यंत त्यांनी रेझर बांधला नाही. आणि निघताना सांगितलं, "आधी दोन दिवस दाढी वाढू द्या. केस कुनीकडं वाकतात ते हात फिरवून बघा. सगळ्यांचे सारके नसतात." दुकानातून बाहेर पडताना मला वाटलं, विकायला बसलेला माणूस कसा असावा तर असा.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. हे भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. टॉवेलाला खाली कातडं नसतं, हे वाक्य सांगितलं तेव्हा खांदे हलले. हसले की रागावले ते कळलं नाही. थोड्या वेळानं कुशीवर वळले आणि ह्यांचा डावा हात गालावरच्या आठ दिवसांच्या दाढीवर गेला. पालथा.

"लिही," म्हणाले.

मी जुन्या कॅलेंडरचं पान फाडून त्याच्या पाठीमागे एक तोंड काढलं. तोंड कसलं, बटाटाच तो. हे डोळे मिटून एकेक जागा चाचपत होते आणि अडखळत सांगत होते. "डावा गाल... वरनं खाली. हनुवटी... सरळ खाली." मी बाण काढत होते. गळ्यापाशी हात थांबला. पुढे गेला, मागे आला, पुन्हा गेला. "हितं उलटं हाय. खालनं वर. आनि ह्या बाजूला... भोवरा." अर्धा तास चाललं. चाळीस वर्षं रोज दाढी करणाऱ्या माणसाला आपल्या गळ्यावरचा भोवरा आज कळत होता, आणि तो कळल्याचा आनंद त्या ओढलेल्या तोंडावर मला दिसत होता. एक हात गेलेला, शब्द तुटलेले, पण बोटांची हुशारी जागच्या जागी होती. मला ह्यांचा फार अभिमान वाटला. तेव्हा मी तो बोलूनही दाखवला. हे म्हणाले, "बाण नीट काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशा आरशाला चिकटवला. गरम पाण्यात बुडवून पिळलेला टॉवेल गालांवर ठेवला, मग ब्रशनं दाट फेस केला. डाव्या हातानं कातडी ताणून धरली आणि बोटभर, बोटभर ओढत गेले. बारीक खरखर आवाज येत होता. आवाज येतोय तोवर ठीक चाललंय, असं अण्णांनी सांगितलं होतं. गळ्यावर नकाशा बघून खालून वर. एकदा फिरवून झाल्यावर थोडे खुंट राहिले. उलटा घालायला हात शिवशिवत होता, पण दुसऱ्यांदा फेस लावून आडवाच फिरवला. शेवटी गार पाणी आणि तुरटी. रक्ताचा एकही ठिपका नाही. हे डावा हात फिरवून म्हणाले, "कानाखाली दोन बोटं राहिलंय." राहिलं होतं खरंच.

त्याच सकाळी म्हणाले, "रिक्षा बोलव."

त्यानंतर व्यायामाचा एक दिवस चुकला नाही. आधी उजव्या मुठीत रबरी चेंडू टिकायला लागला, मग सदऱ्याचं बटण लागायला लागलं, मग पाण्याचा पेला. केंद्रातल्या बाई म्हणायच्या, आजोबा येतात ते लग्नाला आल्यासारखे येतात. मला ते ऐकायला आवडायचं. आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. आमच्या घरात आधी सासू-सासरे होते, मग मुलं. दिवसाउजेडी नवऱ्याच्या गालाला हात लावायची रीतच नव्हती. आता रोज सकाळी पंधरा मिनिटं ह्यांचा चेहरा माझ्या हातात असायचा, डोळे मिटलेला, निर्धास्त. माझा दिवस त्या पंधरा मिनिटांसाठी सुरू व्हायचा.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी मी फेस लावला आणि ह्यांनी उजवा हात पुढे केला. "आन हिकडं." मी रेझर दिला. दांडी पकडीत बसली. मी आरसा धरून समोर उभी राहिले. डावा गाल झाला, उजवा झाला, हनुवटी झाली. याच्यासाठीच तर सगळं केलं होतं. मला रडू आलं, आणि ह्यांना ते आनंदाचं वाटावं म्हणून मी हसले. खरं सांगायचं तर वाईटही वाटत होतं. नवऱ्याचा हात परत आला आणि आपलं काम गेलं म्हणून वाईट वाटणारी बायको आपणच असू, असंही मनात आलं.

गळ्यापाशी हे थांबले. भोवऱ्याच्या बाजूला बोट लावून रेझर माझ्यापुढे धरला.

"हितलं मला दिसत न्हाय. तू कर."

आरसा समोर होता, खिडकीतून ऊन येत होतं, आणि हे पेपरातली बारीक अक्षरं चष्म्याशिवाय वाचणारे. मी रेझर घेतला आणि म्हटलं, "मान वर करा."

आता हे बाकी सगळी दाढी आपल्या हातानं करतात. तेवढी जागा अजूनही ह्यांना रोज दिसत नाही.